उरलेली माती

इस्लापूरजवळच्या अभयारण्यात मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायला मी दर ऋतूत जातो, ठरलेल्या त्याच सागाखाली. सोबतीला असतात तिथले एक वनमजूर. मी त्यांना मामा म्हणतो. खड्डा खणला की ते ओंजळभर माती घेऊन डोळे मिटून हुंगतात. "उन्हाळाभर झोपून होती सायेब, आता जागी होऊन राहिली." प्रयोगशाळेतला आकडाही बहुतेक वेळा तेच सांगतो.

एकदा त्यांनी तपासणीतून उरलेली जुनी माती मागून घेतली. पुढच्या फेरीला पाहतो तर ती त्याच खड्ड्यात ओतून वर पानं पांघरलेली.

"मामा, इथली मोजणी बिघडली ना!"

"हाव. पन लई दिवस घराबाहेर होती ती."

तेव्हापासून मी हातभर बाजूला खणतो.