‘माझं चुकलं’ नावाचा फोल्डर

गेल्या दिवाळीनंतरच्या शनिवारी मी अण्णांसाठी नवा लॅपटॉप घेऊन येरमाळ्याला गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी कळंब आणि वाशी तालुक्यांत झाली. निवृत्त होऊन आता बारा-तेरा वर्षं होत आली. कागदावर ते डॉक्टर नव्हते, पण गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. अजूनही म्हणतात.

त्यांचा जुना कॉम्प्युटर अगदी थकला होता. सकाळी बटण दाबून अण्णा आंघोळीला जायचे. आंघोळ, पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून परत आले, की तो कुठं नुकता उघडलेला असायचा. मी सोलापुरात एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. तिथले कॉम्प्युटर बदलले तेव्हा सगळी माहिती इकडची तिकडं मीच केली होती, त्यामुळं हे काम मला फार सोपं वाटत होतं. घरातले फोटो, पेन्शनचे कागद, आईच्या दवाखान्याचे रिपोर्ट, एवढं उचलायचं. जेवणाआधी संपेल, असं मी आईला सांगितलं होतं.

मी फोटो उघडले आणि चकित झाले. हजारो फोटो होते, आणि त्यात आम्ही फारच थोडे. बाकी सगळ्या शेळ्या, गाई, म्हशी, बैल. शेळीचा सुजलेला पाय, बैलाचा खांदा, म्हशीचं सड, गाईचा डोळा. एकाच जनावराचे चार-चार दिवसांचे फोटो. निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत अण्णा छोटा कॅमेरा पिशवीत घेऊन फिरायचे, हे मला माहीत होतं. पण ते सगळं त्यांनी जपून ठेवलंय, हे ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, “अण्णा, घरातले फोटो तेवढे घेऊ या. ह्या जनावरांचं आता काय करायचंय?”

आई तिथंच पावट्याच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “बघून टाक गं बाई. माझा फोटो निघालाच, तर कुठल्यातरी शेळीच्या मागं निघंल.”

आणि तसा तो निघालाही. आमच्याच अंगणात एका तांबड्या बैलाचा कान दाखवायला फोटो काढला होता, आणि कासरा धरून आई उभी होती, पदर खोचलेला, तोंडावर वैताग. तिचा इतका चांगला फोटो आमच्याकडं दुसरा नाही.

अण्णा माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “आधी नीट बघ, मंग ठरव.”

मग मी बघत गेले. प्रत्येक फोल्डरला गावाचं नाव आणि महिना होता. आत फोटो आणि त्यांच्या सोबत अण्णांनी एका बोटानं टाईप केलेलं एक पान. जनावर कसं आहे, काय खात होतं, कुठलं पाणी पीत होतं, आपण काय दिलं, आणि शेवटी एक शब्द : वाचली, किंवा गेली. मालकाचं नाव कुठंही लिहिलेलं नव्हतं. जनावराची ओळख मात्र पक्की होती. ‘मोडक्या डाव्या शिंगाची’, ‘तळ्यावरच्या घरातली बांडी शेळी’, असं.

सगळ्यात खाली एक फोल्डर होता. त्याचं नाव होतं ‘माझं चुकलं’.

मी विचारलं, हे काय आहे. अण्णा म्हणाले, जे नाव आहे तेच आहे.

त्यात फोटोंसकट चाळीसेक पानं होती. मी पहिलंच उघडलं ते त्याच बांड्या शेळीचं होतं. तिच्या जबड्याखाली सूज आली होती. अण्णांना वाटलं, गळू आहे. चार दिवस ते रोज सायकलवरून जाऊन इंजेक्शन देत राहिले, पाचव्या दिवशी शेळी मेली. पोट उघडून बघितलं, तर काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखे चपटे जंत. खाली अण्णांनी लिहिलं होतं : ‘सूज बघितली, डोळा बघितला नाही. खालची पापणी ओढून बघितली असती, तर ती पांढरी दिसली असती. रक्त कमी आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. तळ्याच्या काठचं गवत खाते, हे शेळीवाली बाई दोनदा सांगत होती. हे जंत त्याच गवतातून पोटात जातात. मी ऐकलं नाही.’

मी पुढची दोन-तीन पानं वाचली. सगळी अशीच. कुठंही सबब नव्हती. औषध वेळेवर आलं नव्हतं, मालकानं उशिरा बोलावलं होतं, असं काही असेलही, पण ते लिहिलेलं नव्हतं. आपलं काय चुकलं तेवढंच. माझ्या नोकरीला वीस वर्षं झाली. माझ्या चुका मी अशा लिहून ठेवल्या असत्या का, हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर मला आवडलं नाही.

घरातले फोटो विनातक्रार कॉपी झाले. जनावरांचे फोल्डरही हळूहळू नव्या लॅपटॉपवर आले. ‘माझं चुकलं’वर येऊन मात्र कॉम्प्युटर अडकला. आतून टकटक आवाज यायला लागला आणि पडदा गोठला. मी बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथंच अडकला. जुन्या डिस्कचा तो भाग खराब झाला होता. जास्त ताणलं तर सगळीच जाईल, अशी भीती मला वाटली. मी अण्णांना तसं सांगितलं. एवढा एक फोल्डर राहिला तर राहू द्या, असंही मीच म्हणाले. मनात आलं, कुणालाही सुटल्यासारखं वाटेल. आपल्या चुका आपोआप पुसल्या जातायत, आपण काही न करता.

अण्णा म्हणाले, “बाकीचं राह्यलं असतं तरी चाललं असतं. हे न्हाय.”

त्यांनी मला कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावला. आत धुळीचा थर होता, पंखा जेमतेम फिरत होता. मऊ ब्रशनं त्यांनी एकेक कोपरा साफ केला, घाई न करता. जनावराची जखम धुताना त्यांचा हात असाच चालायचा, लहानपणी मी तो पुष्कळदा बघितला होता. मग आमचा टेबल फॅन त्या उघड्या डब्यासमोर लावला. म्हणाले, तापलंय ते, थोडं निवू दे. दुपारभर त्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. सगळं एकदम न घेता एकेक फाईल घ्यायची, हे अण्णांनीच सुचवलं. मी कॉपी करायची, नव्या लॅपटॉपवर उघडून दाखवायची, अण्णा वहीत खूण करणार. आवाज यायला लागला की थांबायचं, पंख्याचा वारा लागू द्यायचा. मधे मी दोनदा कंटाळले. ते नाही. संध्याकाळपर्यंत तीन पानं सोडून सगळी आली. ती तीन काही केल्या उघडेनात. मी सोमवारची रजा टाकली, सकाळी पुन्हा प्रयत्न केला, पण व्यर्थ.

अण्णांनी चष्मा पुसला आणि नवा लॅपटॉप आपल्याकडं ओढला. म्हणाले, “फोटो गेले त्याला इलाज न्हाय. पण काय झालं होतं ते ध्यानात हाय.”

आणि ते ती तिन्ही पानं पुन्हा लिहायला बसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. चहा निवला, आईनं दुसरा आणून ठेवला. मी शेजारी बसून बघत होते. एका ठिकाणी ते थांबले. औषध किती दिलं होतं, ते आठवेना. अंदाजानं आकडा घालता आला असता. त्यांनी लिहिलं : ‘किती दिलं ते आठवत नाही.’

तेव्हा मी त्यांना त्या बांड्या शेळीबद्दल विचारलं. जिची ती शेळी, त्या बाईला हे कधी कळलं का?

“दुसऱ्या दिवशीच जाऊन सांगितलं,” अण्णा म्हणाले. “म्हणलं, बाई, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं.”

“मग?”

“मंग म्हणली, आता बाकीच्या चार बघून जावा.”

त्या चारही वाचल्या, हेही अण्णांकडूनच कळलं. पण ते त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, ते त्या गावाच्या फोल्डरात आहे, वाचलेल्यांत.

दुपारी गावातल्या जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण आहेत, वर्षभरापूर्वीच इथं रुजू झाल्या. काही अडलं तर अण्णांकडं येऊन बसतात. नवा लॅपटॉप बघून त्यांनी फोटो चाळले आणि लगेच विचारलं, “सर, ह्याची एक कॉपी मला मिळेल का?”

अण्णा म्हणाले, “घ्या की. फक्त आधी तो खालचा फोल्डर वाचा.”

बाईंनी तिथंच बसून वाचलं. बराच वेळ. अण्णा उठून आईला पावट्याच्या शेंगा सोलू लागायला गेले, बाईंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. जाताना बाईंनी मी कॉपी करून दिलेला पेनड्राईव्ह पर्समध्ये ठेवला, आणि अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णा एकदम संकोचले. असू द्या, असू द्या, म्हणत मागं सरकले.

संध्याकाळच्या गाडीनं मी सोलापूरला परतले. पंधरा दिवसांनी अण्णांचा फोन आला. डॉक्टरबाईंनी एक पान पाठवलं होतं. एका गाईचं. त्यांच्या हातून झालेल्या चुकीचं, त्यांनी स्वतः लिहिलेलं. ते त्याच फोल्डरात ठेवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. अण्णांना ते पान फोनमधून लॅपटॉपवर घ्यायचं होतं, आणि कसं घ्यायचं ते कळत नव्हतं. मी एकेक पायरी सांगत गेले, ते “व्हय, व्हय” म्हणत करत गेले. पान पोचल्यावर त्यांनी ते मला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं.

म्हणाले, “पोरीनं काही लपवलं न्हाई बघ.”