आत्याचा नेल कोर्स

आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. माझ्या सख्ख्या आत्याला मी एकदा तिच्या देखत परकी बाई म्हटलं आहे. त्याहून वाईटही एक केलं आहे, पण ते लिहायला हात गरम व्हावा लागेल, म्हणून आधी आत्याबद्दल लिहितो. तिच्याबद्दल लिहायला लागलं की हात आपोआप गरम होतो. माणूस दिसायच्या आधी ज्याला त्याची नखं दिसतात असा जीव या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो कोरेगाव तालुक्यात, आमच्या घरात झाला.

तिला चेहरे लक्षात राहत नसत. वीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला ती नाव विचारायची नाही, त्याचा हात उलटा करायची आणि मग म्हणायची, "आगं बया, तू व्हय. ह्ये मधलं नख तुजं खिडकीत गावलं हुतं." चुलत बहिणीला बघायला आलेलं एक उत्तम स्थळ तिने चहा यायच्या आत मोडलं. मुलगा शिकलेला, उंच, घरची बागायत. पण त्याने अंगठ्याचं नख कुरतडलेलं होतं. "ज्याला सवताच्या नखाची दया न्हाई त्यो बायकूला काय जपनार?" असं तिने भर बैठकीत विचारलं. तो मुलगा पुढे दातांचा डॉक्टर झाला. "बघा, शेवटी दातावरच गेला," असं आत्या अजूनही मोठ्या समाधानाने सांगते.

हे वेड तिला फौजेत लागलं. तिचे यजमान सुभेदार. त्यांच्याबरोबर ती अंबाला, मीरत, पठाणकोट अशा छावण्या हिंडली. त्यांतल्या एका छावणीत कर्नलसाहेबांच्या मेमसाहेबांना नखांची आवड होती आणि त्यांच्याकडे विलायती मासिकं येत. आत्या चौथीतून शाळा सुटलेली. मासिक वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघून आणि मेमसाहेबांच्या हातावर सराव करून ती या विद्येत पारंगत झाली. त्या मासिकातले दोनच शब्द तिने पाठ केले होते, "नेल टेक्निशियन". दुसरा शब्द तिच्या तोंडून दर वेळी वेगळा निघे, पण निघे मोठ्या रुबाबात. सत्तरच्या दशकात सुभेदार निवृत्त झाले, कुपवाडच्या एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागले, आणि आत्या आपली पत्र्याची पेटी घेऊन सांगलीकडे आली. पेटीत कानशी, छोट्या पकडी, कात्र्या आणि लाल रंगाच्या दोन बाटल्या होत्या.

मी तेव्हा सांगलीत मुलींच्या एका कॉलेजात नुकताच कारकून झालो होतो. संक्रांतीला कॉलेजात हळदीकुंकू होतं. आत्या आली, प्राचार्याबाईंनी तिच्या हाताला हळद लावली, आणि आत्याने त्यांचा हात सोडलाच नाही. मागे बायकांची रांग फाटकापर्यंत गेली. मी तिळगुळाच्या ताटामागे घामाने भिजत उभा. प्राचार्याबाईंच्या करंगळीपासून सुरुवात करून आत्या अंगठ्याला पोचली तेव्हा त्यांच्या तोंडावर असा काही भाव होता की तसा मी त्यांच्या तोंडावर ग्रँट मंजूर झाल्यावरही पाहिला नव्हता. आठवड्याभरात ठरलं: गृहविज्ञानाच्या खोलीत दुपारी एक वर्ग, एक वर्ष प्रयोग म्हणून. वरच्या ऑफिसची मान्यता मिळाली तर कायमचा.

हे ठरलं त्या दिवशी सगळी दुपार मी अस्वस्थ होतो. आमचं घर ऊसवाल्या पाटलांचं, आणि पाटलाची लेक लोकांची नखं कापते म्हटल्यावर माणसं काय बोलतील ते मी मनातल्या मनात बोलूनही घेतलं होतं. मी आत्याला गाठून सांगितलं की कॉलेजात नात्यातली माणसं ठेवत नाहीत, तेव्हा तिथे आपण एकमेकांना ओळखायचं नाही. हे धादांत खोटं होतं. आत्याने ते फौजी शिस्त म्हणून कडक स्वीकारलं. दुसऱ्या दिवसापासून ती मला "क्लार्कसाहेब" म्हणू लागली, अहोजाहो करू लागली, आणि व्हरांड्यात मी समोरून आलो की बाजूला होऊन उभी राहू लागली. रविवारी कुपवाडला घरी गेलं की मात्र, "काय रं, खडू मागितला तर दोन दिस लागत्यात व्हय तुला?" म्हणून आठवड्याचा हिशेब चुकता करायची.

त्या कोर्सला सहा मुली काय वाटून आल्या होत्या कोण जाणे. पहिला महिना त्यांनी फक्त हात धुतले. आत्या दारात उभी राहून "हात आगे" म्हणायची, मुली बाराही हात एकदम पुढे करायच्या आणि आत्या सुभेदारांची वेताची छडी काखेत धरून रांगेची पाहणी करायची. दुसऱ्या महिन्यात कानस आली. कानस एकाच बाजूने चालवायची, करवतीसारखी मागेपुढे नाही. नखाच्या मुळाशी जी नाजूक कातडी असते तिला आत्या "नखाची पापनी" म्हणायची आणि ती कापणाऱ्या मुलीला त्या दिवसापुरतं वर्गाबाहेर उभं करायची. रंगाचे फटकारे तीनच: मधे, डावीकडे, उजवीकडे. चौथा मारला तर तो चुना. शनिवारी नख कापायचं नाही हा घरचा नियम असल्याने शनिवारी नुसती थेरी. थेरीत ती मीरतच्या आठवणी सांगायची.

पण रंगाचा सराव करायचा कुणावर? मुली तर सहाच, आणि गिऱ्हाईक म्हणून नखं द्यायला कुणी तयार होईना. हमालाला विचारलं तर तो बूट नसलेले पायही लपवू लागला. तेव्हा आत्याला मार्ग सुचला, आणि तो सांगलीतच सुचू शकतो. ती हळदीच्या पेठेत गेली आणि एका ओळखीच्या जैन व्यापाऱ्याच्या पोत्यातून निवडून निवडून साठ हळकुंडं घेऊन आली. अगदी बोटांसारखी, दर मुलीला दहा. करंगळ्या वेगळ्या, अंगठे वेगळे. "अण्णा, ह्यो आंगटा वाईच बुटका हाय, बदलून द्या," असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या पेठेने पूर्वी पाहिलं नसावं. मुली हळकुंडांची टोकं कानशीने घासायच्या, गोल करायच्या आणि लाल रंगवायच्या. एकदा त्यांतली चार नाहीशी झाली. आठवड्याने आमच्या शिपायाने मला हळूच विचारलं की पिठलं गुलाबी होण्याचं काही शास्त्रीय कारण असतं का.

या सगळ्या खटाटोपात आत्याला हवं होतं एकच. मान्यता मिळाली तर वर्ष संपल्यावर मुलींना सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्याच्या तळाशी शिक्षिकेची सही असणार होती. चौथीतून काढलेली ही बाई रोज संध्याकाळी पाटीवर सही गिरवत बसायची. "पोरींच्या कागदावर माजी सई येनार," असं तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात छडी नव्हती. "तेवडं झालं की बास बग."

मान्यतेचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं. अर्जावर सूचना होती की अभ्यासक्रमाचं मराठी नाव सरकारी शब्दसूचीप्रमाणेच लिहावं, अन्यथा अर्ज परत येईल. सूचीत 'नेल'समोर एकच शब्द होता: खिळा. आत्या काय शिकवते ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण कारकुनाला माहीत असणं आणि सूचीत असणं यांत मोठा फरक आहे. मी सुवाच्य अक्षरात 'खिळे तंत्रज्ञ अभ्यासक्रम' असं लिहिलं. खाली साधनसामग्रीच्या रकान्यात कानशी सहा, पकडी चार, लाल रंग दोन बाटल्या हे अगदी खरं खरं लिहिलं. वरच्या ऑफिसला शंका यायचं काही कारणच उरलं नाही.

तपासणीला आलेले साहेब जन्मभर लोखंडात वावरलेले, जाड बोटांचे, मितभाषी गृहस्थ होते. मी त्यांना खोलीपर्यंत नेलं. दारात आत्या सावधानमध्ये उभी.

"नेल कोर्स इथेच?" साहेबांनी विचारलं.

"हितंच. या, बसा."

"रोज किती नेल तयार होतात?"

"सा पोरी, दर पोरीला धा. साट."

"फक्त साठ?"

"घाई केली की रगत येतं, साहेब."

साहेबांनी वहीत 'अपघात' असं लिहून खाली रेघ मारली. मग माप विचारलं. करंगळीचं बारीक, अंगठ्याचं मोठं, असं आत्याने सांगितलं. करंगळी आणि अंगठा ही साहेबांना कारागिरांची मापं वाटली असावीत. ते पुढे गेले.

"टोक कसं ठेवता?"

"निमुळतं. पन कामाच्या बाईला टोक देत न्हाई. कनकीत मोडतं."

साहेबांनी चष्मा पुसला. "वाकतात का?"

"लांब झालं की वाकतं. मंग गरम पान्यात बुडवायचं."

गरम करून सरळ करणं साहेबांना पटलं. त्यांनी मान डोलावली आणि कच्चा माल दाखवा म्हणाले. आत्याने टाळी वाजवली. सहा मुलींनी टेबलावर लाल टोकांची साठ हळकुंडं ओळीने मांडली आणि त्या मागे हात बांधून उभ्या राहिल्या. साहेब टेबलाजवळ गेले. त्यांनी एक उचललं, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेवटी आत्यालाच दया आली. "साहेब, हात द्या," म्हणाली. का कोण जाणे, साहेबांनी दिला. काळी पडलेली, फुटलेली, एक तर कधीतरी यंत्रात चिरडून वाकडं वाढलेलं, अशी ती नखं. आत्या कामाला लागली. कोमट पाणी, लिंबू, कानस. अर्धा तास ती त्या हातावर वाकून बसली होती. त्या वाकड्या नखापाशी तिने नुसतं विचारलं, "लय दुकलं असंल न्हाई?" आणि साहेब म्हणाले, "हो. पण कुणी विचारलं नव्हतं."

जाताना त्यांनी मला बाहेर घेतलं. "मला लोखंड कळतं. हे काही लोखंड नाही, पण काम चांगलं आहे," ते म्हणाले. "शब्द तेवढा बदलून पंधरा दिवसांत नवा अर्ज पाठवा. पुढचं मी वर बोलतो."

मी लगेच नवा अर्ज भरला. 'नखनिगा अभ्यासक्रम' असं ठळक लिहिलं, प्राचार्याबाईंची सही घेतली, पाकिटावर पत्ता घातला. आणि नेमके त्याच आठवड्यात साताऱ्याहून माझे होणारे सासरे, मुलगा काम करतो कुठे ते पाहायला, न कळवता ऑफिसात आले. मी त्यांना चहा देत होतो तेवढ्यात आत्या दारात आली, काखेत छडी आणि हातात हळकुंडांची परडी. "ह्या कोण?" सासऱ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "इथल्याच एक बाई आहेत. पोरींची नखंबिखं कापतात."

आत्याने ते ऐकलं. तिने परडी खाली ठेवली, सासऱ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आमचं क्लार्कसाहेब लय सज्जन मानूस हायेत. डोळं झाकून पोरगी द्या." आणि परडी उचलून गेली. तिला वाटलं शिस्त पाळतो आहोत.

आता ते वाईट. ते पाकीट मी पोस्टात टाकलं नाही. कोर्स कायम झाला असता तर आत्या जन्मभर त्या कॉलेजात, त्याच व्हरांड्यात राहिली असती, आणि माझं खोटं रोज दुपारी माझ्यासमोरून चालत गेलं असतं. ती कॉलेजातून गेली की मग ती नुसती कोरेगावची आत्या. असा सरळ विचार करून मी पाकीट खणात ठेवलं आणि पंधरा दिवस जाऊ दिले. आत्या रोज खिडकीशी येऊन विचारायची, "क्लार्कसाहेब, उत्तर आलं का?" मी म्हणायचो, सरकारी काम आहे, वेळ लागतो. प्राचार्याबाईंना सांगितलं, वरून नकार आला. त्यांनी कागद मागितला नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

वर्ग बंद झाला त्या दिवशी आत्याने सहा मुलींना वहीच्या पानांवर स्वतःच प्रमाणपत्रं लिहून दिली. शिक्का नव्हता. सही मात्र मोठी, सुरेख, पान भरून होती. माझ्या लग्नात ती सगळ्यांत मागे, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसली. सासऱ्यांनी ओळखलं असेल तर ते तसं बोलले नाहीत.

आत्या आता कोरेगावजवळ शेतात राहते. हात थोडे कापतात, पण सणाआधी वाडीतल्या बायका तिच्या ओट्यावर रांग लावतात, आणि शनिवारी गेलेल्या बाईला ती अजूनही मीरत ऐकवते. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. तिच्या सुनेने चहा ठेवेपर्यंत आत्याने माझा हात ओढून घेतला. कानस एकाच बाजूने चालली होती. मधेच ती हसली आणि म्हणाली, "सरकारला नख आन खिळा येकच वाटला, त्येला कोन काय करनार? पन तू तवा लय धडपडलास रं माज्यासाटी. म्या इसरले न्हाई."

मी चहा प्यायलो आणि एस.टी. पकडून परत आलो.

मी धडपडलो नव्हतो. नकार सरकारने दिला नव्हता, मी दिला होता. हे मी आत्याला तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं देणं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.