परबकाकांचं तिसरं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या बीपीच्या गोळ्यांपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं माहीत असतं. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही, एवढं बरं आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. लॉकडाउनमध्ये सगळे घरात अडकले होते तेव्हा मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक खेळ सुरू केला — 'संवाद ओळखा'. शुक्रवारी संध्याकाळी मी जुन्या सिनेमांतले चार संवाद टाकायचे, लोकांनी सिनेमाचं नाव ओळखायचं. उत्तरं ग्रुपवर टाकायची नाहीत, नाहीतर एकाचं बघून दुसरा लिहितो; ती फक्त मला पाठवायची. रविवारी सकाळी मी निकाल लावायचो. लॉकडाउन संपला, खेळ मात्र टिकला.

निकाल म्हणजे नुसते गुण नव्हेत हं. कोण तोंडावर आपटलं, कुणी बायकोला विचारून उत्तर ठोकलं, असं चुरचुरीत लिहायचो मी. लोक पोहे खाता खाता वाचायचे. जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय लिहिलंयस यार, झकास!" ऑफिसात माझ्या मेलला कुणी विचारत नाही. इथे मी कुणीतरी होतो. आता हे लपवून काय करू?

परबकाका पहिल्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले; काकू गेल्या, तेव्हापासून मुलगा आणि सून त्यांच्याजवळ असतात. बहुतेक रविवारी पहिला नंबर त्यांचाच असायचा. सिनेमाच्या नावाबरोबर तो कुठल्या थिएटरात पाहिला, कुणाबरोबर पाहिला, मध्यंतरात काय खाल्लं, तेही लिहून पाठवायचे. मला त्यांचं कौतुक होतं. खरंच होतं.

मग एका रविवारी त्यांनी माझी चूक काढली. एक संवाद मी नेटवरून उचलला होता, आणि सिनेमा भलताच सांगितला होता. काकांनी सरळ ग्रुपवर लिहिलं — "हा त्यातला नाही. नीट बघ." बघितलं. त्यांचंच बरोबर होतं. दुरुस्ती टाकावी लागली. कुणीतरी लिहिलं, "आता अंपायरच बदला रे!" आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. गंमतच होती ती. सगळ्यांच्या लेखी दुपारपर्यंत विषय संपला. मी मात्र आठवडाभर ते चेहरे पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो — पन्नाशी उलटलेला माणूस! एवढंसं मन असतं का कुणाचं?

पुढच्या शुक्रवारचा तिसरा संवाद एका ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमातला होता. सासू सुनेला म्हणते, "दिवा मालव, तेल उद्याला लागेल." तो सिनेमा आता कुठेच बघायला मिळत नाही, मला आईमुळे माहीत होता. त्याचं उत्तर एकट्या परबकाकांकडून आलं. बरोबर आलं. सोबत लिहिलं होतं की लग्न ठरल्यावर काकूंबरोबर पाहिलेला हा पहिला सिनेमा, आणि या वाक्याला काकू रडल्या होत्या.

रविवारी निकालात मी दुसऱ्याच सिनेमाचं नाव टाकलं. वर लिहिलं, "परबकाकांची दांडी गुल!"

झालं. एवढंच केलं मी. वाचायला किरकोळ वाटतं ना? मलाही टाइप करताना किरकोळच वाटलं होतं.

दहा मिनिटांत काकांचा फोन आला. गोंधळले की ते मालवणीवर येतात. "अरे, माका तर अख्खो सीन डोळ्यांसमोर दिसता रे. ही रडत होती, माझ्या बाजूक बसान. ता खोटा कसा?"

तिथे सावरता आलं असतं. 'काका, माझीच गफलत झाली' म्हटलं असतं तर ते हसून मला दोन शिव्या घालून मोकळे झाले असते. मी काय म्हणालो? "होतं काका असं. वयानं होतं."

आता जे सांगतोय ते आधी सांगायला हवं होतं, पण मीच टाळत होतो. काकांचे मोठे भाऊ गावी कुडाळला असायचे. शेवटची काही वर्षं त्यांना कशाचीच आठवण राहिली नव्हती, काकांना दारातून "कोण तुम्ही?" म्हणून विचारलं होतं त्यांनी. काकांनी मला हे गेटपाशी उभं राहून सांगितलं होतं. "मरणाचं काही नाही रे," म्हणाले होते, "पण हे नको." म्हणजे माझं ते वाक्य कुठे जाऊन लागणार, हे मला ठाऊक होतं. तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला बराच काळ समजावलं. निसटलं नव्हतं.

काही आठवड्यांनी मी पुन्हा तेच केलं. या वेळी राग नव्हता. काका एकदाच चुकले तर लोकांना, मुख्य म्हणजे त्यांना स्वतःला, त्या एका निकालाची शंका येईल — अशी भीती होती. पहिलं खोटं टिकवायला दुसरं लागलं, दुसरं काही नाही.

त्यानंतर काकांच्या उत्तरांपुढे 'बहुतेक' यायला लागलं. मग 'खात्री नाही'. मग उत्तरंच बंद झाली. मुलाने त्यांच्या तपासण्या करून घेतल्या, सगळं नॉर्मल निघालं. काकांनी ते मानलंच नाही; भावाचंही आधी सगळं नॉर्मलच होतं म्हणे. स्कूटर विकून टाकली. एटीएमचं कार्ड मुलाच्या हवाली केलं. दर शिमग्याला एकटे गावी जायचे, ते थांबलं. आणि त्या सिनेमाचा, काकूंच्या रडण्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. बायकोबरोबरची एक अख्खी संध्याकाळ मी त्या माणसाकडून काढून घेतली होती.

सोसायटीच्या गणपतीत आरती नेहमी परबकाका सांगायचे. खणखणीत आवाज, सगळं तोंडपाठ. त्या वर्षी ते मागच्या रांगेत उभे होते. हातात आरत्यांचं पुस्तक. लहान पोरांनाही पाठ असते ती पहिलीच आरती, आणि काका ओळीखाली बोट ठेवून ती वाचत होते. मी बाजूला टाळ वाजवत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना. तरी टाळ थांबवला नाही, आणि नंतर प्रसादही घेतला.

गेल्या महिन्यात ते खाली भेटले. सून भाजीची पिशवी घेऊन बरोबर होती. हल्ली त्यांना एकटं सोडत नाहीत. काकांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुझ्या खेळामुळे वेळीच कळलं रे बाबा. नाहीतर भावासारखी गत झाली असती. उपकार झाले तुझे." सूनही माझ्याकडे बघून मान हलवत होती.

मी म्हटलं, "काळजी घ्या काका."

त्यांची दोन्ही उत्तरं बरोबर होती. त्यांना काहीही झालेलं नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, रोज त्यांच्या दारावरून खाली उतरतो. अजून बेल वाजवलेली नाही.