आत्याचा दगड

मी आज शिक्षक आहे तो आत्यामुळे. मलकापूरच्या बाजारात मेथी-पालक विकून तिने मला बी.ए.पर्यंत शिकवलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच.

लॉकडाऊन लागलं तेव्हा ती गावी अडकली आणि माझ्या वाट्याला घरोघरच्या सर्व्हेची ड्यूटी आली. एका दुपारी काम आटोपून मी बाजारातून पायी निघालो. सगळी शटरं खाली होती. कचोरीवाल्याची कढई उपडी. चौकाच्या मधोमध एक कुत्रं पसरलं होतं, त्याला हाकलायलाही कुणी नव्हतं. भाजीच्या ओळीत मात्र दगड होते. बाजार उठताना भाजीवाल्या आपापल्या जागेवर दगड ठेवून जातात. तो दिसला की तिथे दुसरं कुणी बसत नाही.

आत्याचा दगड तेवढा नव्हता. तिच्या जागेवर लोखंडी टेबल होतं, खांबाला साखळीने बांधलेलं. मागच्या मोबाइलवाल्याचं दुकान बंद, म्हणून त्याने लॉकडाऊनमध्ये भाजी विकायचा पास काढून हे टेबल लावलं होतं. दगड नालीत पडला होता.

तो आपल्या बंद शटरच्या पायरीवर बसला होता. ही जागा कुणाची, ठाऊक आहे ना, असं मी त्याला विचारलं.

"म्हातारी आता काय येते, सर? अन् सातबारा हाय का तिच्यापाशी जागेचा?"

"दगड हाय."

"दगड तर नालीतबी हाय."

माझं डोकं फिरलं. एरवी भरल्या बाजारात त्याची हिंमत झाली नसती, शेजारच्या भाजीवाल्यांनीच त्याला सरळ केलं असतं. लोक मरणाच्या धाकाने घरात बसले होते आणि हा त्यांच्या जागा मोजत होता. मी बाह्या वर केल्या, दगड नालीतून काढला, त्याच्या टेबलासमोर ठेवला आणि त्यावर बसलो. तो हसला. मी उठलो नाही.

त्याच आठवड्यात आत्याला पत्र टाकलं:

"आत्या, फोनवर तुले नीट ऐकू येत नाही म्हणून लिहून राह्यलो. शेजारच्या पोरीकडून वाचून घे. तुह्या जागेवर मोबाइलवाल्यानं टेबल लावलं. तुह्यापासून लपवत नाही. दगड मी परत ठेवला. ड्यूटी सुटली की रोज जाऊन त्याच्यावर बसतो. तो हसते, हसू दे. टेबल अजून हललं नाही. गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीनं ये. मेथी नसली तरी चालते, रिकामी टोपली घेऊन ये."