विल्फचं बॉक्सचं कुंपण
विल्फ टॅप्लीने ऑर्मली हॉलच्या बागेत एकेचाळीस वर्षं काम केलं. हवेलीच्या आत तो दोनदाच गेला, दोन्ही वेळा लग्नाचे गुच्छ पोचवायला. त्याचा जीव होता तो बॉक्स नावाच्या झुडपांच्या बुटक्या कुंपणावर. ते जूनमधल्या डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशीच कापायचं, हा त्याचा नेम. निवृत्तीनंतरही तेवढं काम मानाने त्याच्याकडे राहिलं. कात्री त्याची स्वतःची.

यंदा एप्रिलमध्ये बाग लोकांसाठी उघडली तेव्हा तो आणि मी, त्याची शेजारीण, असे दोघं गेलो. ट्युलिप ऐन भरात होते. कुंपण मात्र जागोजागी तपकिरी पडलेलं, भोवती दोर बांधलेला.

"थंडीने मारलंय," विल्फ म्हणाला. "जूनपर्यंत फुटेल."

मुख्य माळीण हेझल लगबगीने आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. "मिस, आधी फोन तरी करायचात," ती मला हळूच म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "करपा आहे, विल्फ. सोमवारी उपटून जाळायचं."

"सगळं?"

"सगळं."

"तुझ्या या बाई सांगतात, तुला साधा गुणाकार येत नव्हता. रोग बरा ओळखता येतो."

हेझल हसली नाही. "तपासून घेतलंय."

"आला कुठून?"

"वाऱ्याने येतो कधीकधी."

विल्फ दोरावरून वाकून तपकिरी पानं पाहू लागला. गेल्या जूनमध्ये त्याने सकाळी चर्चच्या आवारातलं बॉक्स कापलं आणि दुपारी हे. मीच त्याला मोटारीतून नेलं होतं. मधे कात्री पुसली नाही, उशीर झाला होता. याच चुकीसाठी तो नव्या माळ्यांना रडवायचा.

"चर्चमधलं ऑगस्टमध्येच वाळलं," तो म्हणाला. "वारा काय कात्री घेऊन हिंडतो?"

हेझलने माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलं की ती अशीच पाहायची.

"मीच उपटतो सोमवारी."

"नाही जमणार, विल्फ. आता ऐंशी ओलांडलीत तुम्ही, त्यापुढे आमचा विमा लागू नाही."

त्याने दोराला हात लावला, मग काढून घेतला. "दोराच्या अलीकडे उभा राहिलो तर?"

"आठला या," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला जड गेलं. "फक्त, पायांच्या मातीतूनही रोग..."

"बूट धुऊन येईन," विल्फ म्हणाला.