काळ्या डबीवरचं ओलं फडकं

मी अमावास्येला गाडी विकत घेणारा माणूस आहे. आमची जुनी कॅम्पर व्हॅन मी त्याच दिवशी घरी आणली होती, आणि आईने फोनवरून लिंबू-मिरची बांधायला सांगितलं तेव्हा ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा, ऑकलंडला पेनरोजमधल्या एका फॅक्टरीत मशिनं दुरुस्त करायची नोकरी... जे मोजता येत नाही त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, असा एकूण खाक्या. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

गोष्ट २००६ च्या जानेवारीतली, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातली. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स या उपनगरात आम्ही तिघं राहायचो – मी, बायको मंजिरी आणि सहा वर्षांची इरा. मंजिरी फार्मसिस्ट. इरा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच.

व्हॅनला एक वाईट खोड होती. गार असताना पहिल्या चावीला सुरू. पण तासभर पळवून थांबवली, की मग ती काही केल्या सुरू व्हायची नाही. स्टार्टर फिरतोय, इंजिन फिरतंय, पण पेट म्हणून घेत नाही. पूर्ण गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू! अशी खोड पकडणं म्हणजे डोक्याला ताप, कारण गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत गाडी गार झालेली असते आणि मेकॅनिक आपल्याकडेच संशयाने बघतो. माझं ठाम मत होतं की इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत वाफ धरते. म्हणून मी फिल्टर बदलला, नळी इंजिनपासून लांबून फिरवली, तिच्यावर जाड आवरण चढवलं. फरक शून्य. दुसऱ्या कुणाला तरी दाखव, असं मंजिरी सांगून थकली, पण मी ऐकतोय कशाला.

त्या दुपारी आम्ही सुट्टीत फिरायला निघून कोरोमंडेल गावाहून व्हिटियांगाकडे जाणाऱ्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर होतो. चढ चढून व्हॅन चांगलीच तापली होती. एका ओढ्यापाशी थांबलो. इरा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घालून, टॉवेल घेऊन पाण्यात पळाली, मनसोक्त डुंबली आणि बाहेर येताना किंचाळली. काठच्या झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

आधी ती नुसती रडत होती. मग अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मंजिरीने पर्समधलं ॲलर्जीचं औषध तिला पाजलं, तिला व्हॅनमध्ये मागच्या बेडवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“नितीन, याने भागणार नाही. हिला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागणार. क्लिनिक गाठ.”

मोबाइलला रेंज नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी चावी फिरवली... इंजिन फिरत राहिलं, पेट घेईना.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मी खाली उतरलो, सीट उचलली, दारातून आत वाकलो आणि पेट्रोलच्या नळीशी झटापट सुरू केली. बोटं भाजत होती. मागून इराचा श्वास ऐकू येत होता आणि तो दर वेळी आणखी ओढून येत होता. माझी मुलगी माझ्यासमोर जाणार, आणि ते माझ्या हट्टापायी, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात पाठीमागून बाईचा आवाज आला. अगदी शांत.

“अहो, पेट्रोल सोडा. त्या काळ्या डबीवर ओलं फडकं ठेवा. आणि जरा थांबा.”

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. इंजिनच्या कडेला इग्निशन मॉड्यूल होतं, स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारी काळी डबी. इराचा ओलाकच्च टॉवेल ओढला आणि त्या डबीवर दाबून धरला. चर्र झालं. थांबणं फार कठीण गेलं, पण थांबलो. मग चावी फिरवली आणि व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली.

कोरोमंडेलच्या क्लिनिकमध्ये इराला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तिचा श्वास मोकळा झालेला पाहिला आणि मी कॉरिडॉरमध्ये येऊन रडलो. मंजिरी बाहेर आली. मी म्हटलं, तुला बरं वेळेवर सुचलं.

“काय सुचलं?” ती म्हणाली. “काळ्या डबीवर ओलं फडकं ठेवा, ते? ते मी नाही म्हटलं. मी इराच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, कुणी बाई मदतीला थांबल्यात. बरं झालं, मराठी आहेत, असंसुद्धा मनात आलं.”

‘अहो’! मंजिरी कॉलेजपासून मला नितीन म्हणते, अरे-तुरे करते. मला ‘अहो’ म्हणणारं घरात कुणी नाही. आणि त्या निर्मनुष्य रस्त्यावर परकी बाई मराठी बोलते याचं मंजिरीला, आणि ‘अहो’ ऐकल्याचं मला, जराही नवल वाटलं नव्हतं. आपली भाषा कानावर पडली, की ती कुठून आली हे माणूस विचारत नाही.

घरी परतल्यावर मी हेअर ड्रायरने ते मॉड्यूल तापवून पाहिलं. तापलं की ठिणगी गायब, ओलं फडकं ठेवलं की हजर. नळीत वाफबीफ काही नव्हतं. मॉड्यूल बदललं आणि ती खोड कायमची गेली. मित्र म्हणाले, तुझ्याच मनाला आतून ठाऊक असणार, तेच भीतीने आवाज होऊन आलं. असेल बाबा... पण मग तेच वाक्य मंजिरीने कसं ऐकलं?

घरी परतण्याआधीचं मात्र सांगायलाच हवं. रात्र आम्ही कोरोमंडेलमध्ये काढली. सकाळी इरा टोस्ट खात होती, आणि मंजिरी हळूच म्हणाली, “नितीन, आपण त्यांना तिथेच सोडून आलो रे. भर उन्हात. साधं विचारलंसुद्धा नाही.”

एरवी मी हिची टिंगल केली असती. मी मुकाट्याने व्हॅन त्या रस्त्याला घातली.

ओढ्यापाशी कुणीही नव्हतं. मी इंजिन चालूच ठेवलं, बंद करायची हिंमतच नव्हती. मंजिरीने मधलं सरकतं दार उघडलं आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हणाली, “चला, सोडतो तुम्हाला.”

आम्ही थांबलो. दार लावायला दोघांचाही हात उठेना.

मागून इराने विचारलं, “मम, हू आर वी वेटिंग फॉर?”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने इराच्या शेजारची पिशवी उचलली आणि तिथली जागा मोकळी केली.