पोलीस माझ्या आईला शोधत होता

"दादा, आईला कॅमेऱ्यासमोर आण! आत्ताच्या आत्ता! इथे पोलीस आलाय… आईला शोधतोय!"

माझा धाकटा भाऊ अभय ओरडत होता. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात हॉस्पिटलचा तो मागून उघडा झगा, आणि आवाज मात्र असा की इकडे नेदरलँड्समध्ये, आल्मेऱ्यातल्या आमच्या मागच्या अंगणातली कबुतरं उडाली.

"कुणाच्या आईला?" मी विचारलं.

"आपल्या! तुला किती आया आहेत?" आणि त्याला जो खोकला लागला तो थांबेचना. मग फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला आणि पडद्यावर एक माणूस आला - प्लास्टिकचा कोट, मास्क, त्यावर पारदर्शक मुखवटा. चंद्रावर उतरायला निघालेला आणि वाट चुकून ऑस्ट्रेलियात आलेला वाटत होता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तुमच्या आई घर सोडून कुठे गेल्यात, तुम्हाला काही कल्पना?"

मंडळी, इथे जरा थांबतो. या ग्रुपवर कुणी हायवेवरच्या बाईचा किंवा गेस्ट हाऊसमधल्या खोलीचा अनुभव टाकला की खाली हसणारे चेहरे टाकणारा माणूस मीच. असल्या गोष्टी मानण्याइतका मी रिकामा कधीच नव्हतो. दुसरं म्हणजे, मी गप्पांत पावशेराचा मण करतो हे मला ओळखणारे सांगतीलच. म्हणून आधीच कबूल करून टाकतो - गाव वाढवून सांगेन, रस्ता वाढवून सांगेन. आईबद्दलचा एक शब्द वाढवलेला नाही.

तर २०२०चा ऑगस्ट. अभय मेलबर्नपासून गाडीने चार-पाच तासांवरच्या एका गावात राहतो. शेतीच्या अवजारांच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर. गावाचा मुख्य रस्ता इतका रुंद की आपला लक्ष्मी रोड दुकानांसकट त्यात आडवा ठेवला तरी ट्रकला वळायला जागा उरेल. गावाच्या टोकाला धान्याचे पांढरे सायलो, म्हणजे उंच गोल कोठारं - अभय म्हणतो, ढग त्यांना वळसा घालून जातात. (हे त्याचं. घराणं एकच.) एक बेकरी, एक पब, एक छोटं हॉस्पिटल, मेंढ्यांचा बाजार आणि ट्रॅक्टरची तीन दुकानं. भोवती क्षितिजापर्यंत गहू. पंप बिघडला, दाढ दुखली, कुत्रा आजारी पडला, की शंभर किलोमीटरवरून माणूस याच गावात येतो. म्हणजे आपलं तालुक्याचं ठिकाण… फक्त माणसं वजा केलेली. आणि त्या सगळ्यात मराठी माणूस एक, माझा भाऊ. तिथे अनोळखी गाडी शिरली तर ती बेकरीपर्यंत पोहोचायच्या आत पबमध्ये तिची चर्चा झालेली असते. त्या वर्षी तर बाहेरचं चिटपाखरू येत नव्हतं. देशाच्या सीमा बंद होत्या.

आई आमच्याकडे आल्मेऱ्यात होती. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली, मार्चमध्ये विमानं थांबली, व्हिसा वाढवून मिळाला. बाबा पुण्यात एकटे. "मला भाताचा कुकर लावता येतो, तुम्ही मजा करा," म्हणायचे.

जूनच्या शेवटी बाबांना ताप आला. हॉस्पिटलमधून त्यांनीच मला फोन केला. "आईला सांगू नका. उगाच रडत बसेल तिकडे. दोन दिवसांत घरी जातोच आहे मी."

घरी गेलेच नाहीत.

आईला कळलं ते सगळं उरकल्यावर. मी आणि माझी बायको मृणाल तिच्यासमोर बसलो आणि मी सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. रडली नाही. त्या दिवशीच नाही, पुढेही नाही. मी लॅपटॉप उघडला, ऑफिसचं तक्रारीचं एक टिकेट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद केलं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. पाऊस होता की ऊन, कुणी काय खाल्लं… काही नाही. घरात बोलणं चालू होतं, दूध संपलं, कचऱ्याचा डबा बाहेर ठेव, पण टीव्हीचा आवाज घालवून नुसती तोंडं हलताना दिसावीत तसं. आमच्या हाउसआर्ट्स बाईंना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, आईला दाखवलं. त्यांनी पॅरासिटामॉल सांगितलं. हाड मोडलं तरी त्या तेच सांगतात.

आई तासन् तास जेवणाच्या टेबलाशी बसायची. डोळे उघडे, हाक मारली तर ओ नाही. अंगात बाबांचा करडा स्वेटर. आदल्या वर्षी बाबा इथे विसरून गेले होते तो. त्याची डावी बाही कोपरावर विरली होती. करडी लोकर मिळाली नाही म्हणून आईने ती जुलैमध्ये चॉकलेटी लोकरीने रफू केली. बाहेर नेदरलँड्समध्ये कधी नव्हे ते पस्तीस अंश, आमच्याकडे पंखासुद्धा नाही, लोक कालव्यात उड्या मारताहेत - आणि ही स्वेटरमध्ये.

तशात अभयला कोविड झाला. कुठल्यातरी ट्रक ड्रायव्हरकडून. "माइल्ड आहे रे," म्हणाला. एकटाच घरात बंद. आणि पुढचं वाक्य आलंच, "आईला सांगू नको हां." मी म्हटलं, "वेडा आहेस का? कशाला सांगतोय!" आमच्याकडे आईला न सांगणं हा प्रथमोपचारच आहे. तिच्यासाठी त्याचा व्हिडिओ कॉल रोज यायचा, अभय खोकला आला की म्यूट करायचा आणि "नेटवर्क नाही" म्हणून बंद करायचा. आई पडद्याकडे बघून "बरं" म्हणायची.

त्या दिवशी आमच्याकडे सकाळ होती, त्यांच्याकडे कलती दुपार. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये. समोर टेबलाशी आई, तिच्यापुढे साय धरलेला चहा. कप सरकवावा म्हणून मी तिचा हात बाजूला केला… आणि दचकलो. बर्फासारखा. बाहेर डांबर वितळतंय आणि हात बर्फासारखा.

"मृणाल, आईचा हात बघ जरा."

मृणालने हात धरला, मग पायांना हात लावला. "अरे बाप रे… आई? आई, बरं वाटतंय ना?"

आई समोर बघत होती, आमच्यापलीकडे. थोड्या वेळाने म्हणाली, "तळपाय गार पडलेत." आणि तिचे दोन्ही अंगठे हळूहळू हलायला लागले, काहीतरी चोळत असल्यासारखे. मृणाल धावत जाऊन मोजे घेऊन आली. मोजे घातले. आईने मोज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने ती आपोआप हलली, गार चहा प्यायली आणि कुकर लावायला उठली. मी पुन्हा मीटिंगमध्ये. घाबरायला हवं होतं, पण घाबरणं कुठे ठेवलंय तेच सापडत नव्हतं त्या दिवसांत.

दुपारी हॉस्पिटलचा फोन आला. अभय स्वयंपाकघरात पडला होता, ऑक्सिजन उतरला होता, शेजारच्या बाईने अँब्युलन्स बोलावली म्हणून वाचला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काय ठरवलं असेल? बरोबर. आईला सांगायचं नाही.

दोन दिवसांनी हा पोलीस.

त्याची अडचण साधी होती. कोविडच्या नियमाप्रमाणे, रुग्णाच्या घरात कोण कोण होतं त्या प्रत्येकाला चौदा दिवस घरात बसायचं. अँब्युलन्सबरोबर आलेल्या नर्सने शेजारणीला विचारलं, "घरात आणखी कोण?" शेजारीण म्हणाली, "त्याची आई." झालं! आई रुग्णाच्या निकट संपर्कातली ठरली. पोलीस तपासायला गेला तर घराला कुलूप. ऐंशीच्या घरातली, मास्क नसलेली, बहुधा कोविड झालेली एक भारतीय बाई गावात मोकळी फिरतेय! त्याने सायलोंच्या मागे शोधलं, मेंढ्यांच्या बाजारात शोधलं, नदीकाठी शोधलं. तोवर गावाला बातमी लागलेली. लोकांनी अभयच्या दारात 'आईसाठी' सूप, ॲपल पाय आणि केक आणून ठेवले - अभयच्या म्हणण्याप्रमाणे दरवाजा उघडेना इतके.

(आई सत्तरची आहे. ऐंशी ऐकून ती नंतर जरा दुखावली.)

"सर," मी म्हणालो, "माझी आई नेदरलँड्समध्ये आहे."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"नेदरलँड्स… युरोपमधलं?"

"तेच. दुसरं सापडलं तर कळवा."

तो हसला नाही. त्याने स्वतःच्या फोनवर त्या शेजारणीला व्हिडिओ कॉल लावला. ती डोरीन, अभयच्या समोरच्या घरातली, पिकल्या केसांची, स्वतःही आता घरात बंद. मग त्याने स्वतःचा फोन आणि अभयचा फोन समोरासमोर धरले, दोन विहिणींची भेट घडवावी तसे.

आता आईला आणणं भाग होतं. स्वयंपाकघरातून हात पुसत ती आली. पडद्यावर अभय, नळी, पलंग… लपवायचं काही उरलंच नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

डोरीनने आईला पाहिलं मात्र… "हीच! हॅलो लव्ह! कुठे गायब झालीस तू? काळजीत टाकलंस ना!"

"डोरीन, नीट बघ," पोलीस म्हणाला. "या बाई युरोपात आहेत."

"त्या कुठेही असू देत. माझं मनगट धरून मला रस्त्यापलीकडे यांनीच नेलं. अजून गार लागतंय इथे. एक शब्द बोलल्या नाहीत. मागच्या दाराने आत नेलं, तो फरशीवर पडलेला. मी फोन करेपर्यंत या त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. अँब्युलन्स आली, मी त्यांना दार दाखवायला वळले… तो स्वेटर बघ ना! मी तुला सांगितलं होतं की नाही? पुरुषाचा करडा स्वेटर, कोपराला तपकिरी ठिगळ!"

पोलिसाने मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "हे त्यांनी मला दोन दिवसांपूर्वी सांगितलंय, सर."

शेवटी आईच पुढे झुकली. डोरीनला तिने मान हलवून ओळखीच्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि अभयला विचारलं, "जेवलास?"

अभय रडायला लागला. बाबा गेल्यावर आम्हा तिघांपैकी पहिल्यांदा कुणीतरी रडलं. ओरडून, नळी निघेपर्यंत, लहानपणी रडायचा तसा. नर्स धावत आली. आई नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "रडू दे त्याला. नर्सबाईंना सांग, थांबवू नका."

तर हे असं आहे. मी यावर पुष्कळ डोकं लढवलं. डोरीनला भास झाला म्हणावं, तर ती त्यापूर्वी आईला कधीच भेटली नव्हती. अभयच्या घरी आईचे फोटो आहेत, पण स्वेटरमधला एकही नाही, आणि त्या चॉकलेटी लोकरीला जेमतेम महिना झाला होता. दुसरी कुणी भारतीय बाई असेल म्हणावं, तर त्या गावात पाहुणी म्हैससुद्धा लपून राहत नाही. नर्सला कुणी दिसलं नाही, खरंय. पण डोरीन उन्हाळ्यातही मनगटाला लोकरीची पट्टी बांधते, म्हणते तेवढी जागा गारच राहते. अभय शुद्धीवर नव्हता. त्याला फक्त पाय उबदार होते एवढं आठवतं. पोलिसाने अखेर काय नोंद केली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मृणाल म्हणते उत्तर शोधूही नकोस.

त्या दिवशी फोन बंद झाला. मृणाल अंगणात जाऊन उभी राहिली. आई बाबांच्या स्वेटरमध्ये टेबलाशी बसून गवारीच्या शेंगा मोडायला लागली. मी तिच्यासमोर बसलो, दोन शेंगा मोडल्या. मग विचारलं, "आई… तुला कसं कळलं?"

तिने वर पाहिलं नाही.

"तुम्ही काही सांगत नाही. मग जाऊन बघावं लागतं."